भिलाईचे खत आणि बटाट्याची तहान

भिलाई म्हटले की पोलाद डोळ्यांपुढे उभे राहते. झोतभट्टीच्या तोंडातून वाहणारा लोहरस, रात्रीच्या आकाशावर उमटणारी तांबूस आभा, देशभर जाणाऱ्या रेल्वेरुळांच्या राशी, असेच चित्र मनात येते. परंतु याच कारखान्याच्या एका अंगाला, कोक-भट्ट्यांच्या शेजारी, साखरेसारखा दिसणारा एक पांढरा क्षार तयार होत आला आहे. त्याचे नाव अमोनियम सल्फेट. त्याचा संबंध पोलादाशी कमी आणि शेताशी अधिक. कोळसा भाजताना जे वाया गेले असते त्यातून हे खत निघते, आणि भाताच्या बांधीत किंवा बटाट्याच्या सरीत जाऊन पडते. पोलादाच्या इतिहासात या क्षाराला ओळभरही जागा मिळत नाही. शेतीच्या इतिहासात मात्र त्याची दखल घ्यावी लागते. कारण ज्या भूमीवर भिलाई वसली, तिचा इतिहास हा मुख्यतः पावसाच्या लहरीचा इतिहास आहे.

छत्तीसगड हा प्रदेश मराठी माणसाला परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून गेले, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी तेथे राहून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १९५६ पर्यंत, मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची राजधानी असलेल्या नागपूर शहराकडेच दुर्ग-रायपूरचा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन येत असे. भिलाई ही त्या काळच्या दुर्ग जिल्ह्यातली.

या मुलखाला भाताचे कोठार म्हणतात. येथला शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : मुरमाड, कोरडी ती भाठा, पिवळसर, हलकी ती मटासी, मध्यम पोताची ती डोरसा, आणि काळी, भारी ती कन्हार. पाऊस सरासरीने पुष्कळ पडतो. परंतु सरासरी हा शब्द कागदावरचा आहे. आश्विनात एक पाऊस चुकला, तर पोटरीला आलेले भात जागच्या जागी पळते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगडचे कंबरडे मोडले. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने १९०१ ते १९०३ या काळात देशभर चौकशी केली, आणि दुष्काळी मुलखांत पाणी साठवण्याच्या कामांना गती आली. दुर्ग जिल्ह्यात बालोदजवळ तांदुला नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत जे धरण बांधण्यात आले, ते या विचाराचेच फळ होय. पाणी अडवावे, कालव्याने शेतात न्यावे आणि आश्विनातला तो एक चुकलेला पाऊस भरून काढावा, एवढाच त्याचा हेतू होता.

नेमक्या त्याच काळात या जिल्ह्याच्या पोटातील लोखंडाकडेही लोकांचे लक्ष गेले. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी दुर्गच्या दक्षिणेकडील डोंगरांत उत्तम लोहखनिज असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातच केली होती. पुढे दोराबजी टाटा पोलादाच्या कारखान्यासाठी जागा शोधीत नागपुरास आले असता, तेथील वस्तुसंग्रहालयात लावलेला भूस्तरांचा एक रंगीत नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यावरून १९०४ च्या सुमारास ते व त्यांचे तज्ज्ञ वेल्ड हे डल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. खनिज उत्तम होते. परंतु कोक होईल असा कोळसा जवळपास नव्हता. कारखाना अखेरीस पूर्वेकडे, जमशेदपूरला गेला. डल्ली-राजहऱ्याच्या तांबड्या टेकड्या आणखी अर्धे शतक तशाच उभ्या राहिल्या.

फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भिलाईची जागा निश्चित झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. १९६७ पर्यंत ती पंचवीस लाखांवर आणि पुढे १९८८ मध्ये चाळीस लाख टनांवर गेली. या उभारणीसाठी भोवतालच्या अनेक खेड्यांनी आपल्या जमिनी दिल्या. जमिनीबरोबर पाणीही द्यावे लागले. पोलादाच्या कारखान्याला पाणी प्रचंड लागते, आणि ते जवळ होते ते तांदुल्याचेच. गोंदलीचा नवा जलाशय झाला, कारखान्याजवळ मरोद्याचा साठा झाला, कालांतराने महानदीवरील गंगरेल धरणाचेही पाणी आले. तथापि मूळ प्रश्न उरलाच. दुष्काळाच्या धसक्यातून शेतासाठी अडवलेल्या पाण्यात आता भट्टीही वाटेकरी झाली होती. पाऊस चांगला असेल त्या वर्षी ही वाटणी कोणाला जाणवत नाही. अवर्षणाच्या वर्षी ती घरोघर जाणवते.

शेताकडून कारखान्याकडे पाणी गेले. कारखान्याकडून शेताकडे जे परत आले, त्यात हा पांढरा क्षार होता.

त्याची निर्मिती साधी आहे. दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पती. त्यांच्या देहातील नत्राचा अंश कोळशात शेकडा एक ते दोन या प्रमाणात टिकून असतो. बंद भट्टीत, हवा लागू न देता, हजार अंशांहून अधिक उष्णतेवर कोळसा भाजला की कोक मागे राहतो आणि वायू बाहेर पडतो. या वायूत, कोळशातील नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने येतो. तो गंधकाम्लात मुरवला की अमोनियम सल्फेटचे स्फटिक खाली बसतात. त्यात शेकडा सुमारे एकवीस भाग नत्र आणि सुमारे चोवीस भाग गंधक असते. एक टन कोळशातून असा क्षार साधारण दहा किलो मिळतो. हिशेब मांडावयाचा तर एक हेक्टर बटाट्याला शंभर किलो नत्र देण्यासाठी जवळजवळ पाचशे किलो अमोनियम सल्फेट लागेल, आणि तेवढे मिळण्यासाठी सुमारे पन्नास टन कोळसा भाजावा लागेल. म्हणजे हे खत केवळ खतासाठी कोणी तयार करणार नाही. ते पोलादाच्या पाठीवर बसून आलेले आहे. देशाची भूक भागवण्यासाठी स्वतंत्र कारखाने काढावे लागले. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला, तो याच क्षाराच्या निर्मितीसाठी.

आता बटाट्याकडे वळावे. छत्तीसगडात भात हाच राजा, आणि तेथील अमोनियम सल्फेटही मुख्यतः भातालाच गेले. पाणी साचलेल्या बांधीत या खतातील नत्र चिखलाला धरून राहते, सहज वाहून जात नाही. परंतु भात निघाल्यावर, नदीकाठच्या मळ्यांत आणि घरामागच्या बाड्यांत, मरार समाजाचे कसबी भाजीवाले कार्तिकापासून बटाटा लावतात. सरगुज्यात मैनपाटच्या पठारावर तो पावसाळ्यातही येतो. तेथे रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे बटाटा संशोधन केंद्रही आहे. भिलाईसारखे औद्योगिक नगर वसले म्हणजे भाजीपाल्याला बाजार मिळतो, हे वेगळे सांगावयास नको. भाताच्या मानाने बटाटा हे लहान पीक खरे. पण पाणी आणि खत यांचे नाते समजून घेण्यासाठी याच्याइतका चांगला गुरू दुसरा नाही.

हा गुरू परदेशचा आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर, टिटिकाका सरोवराच्या आसपास, हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळला. सोळाव्या शतकात तो स्पेनला पोहोचला आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. उत्तरेत त्याला आलू म्हणतात. आपण मात्र ‘बटाटा’ हा पोर्तुगीजांच्या तोंडचाच शब्द जसाचा तसा ठेवला. मौजेची गोष्ट अशी की ज्या पेरूच्या भूमीतून बटाटा आला, तिच्याच किनाऱ्यावरील ओसाड बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते. तेथील शेतकरी ती विष्ठा पिढ्यान्‌पिढ्या शेतात घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेच ‘ग्वानो’ युरोपात जहाजे भरभरून जाऊ लागले. पीक आधी गेले आणि त्याचे खत तीनशे वर्षांनी त्याच्यामागून गेले.

महाराष्ट्रात बटाट्याने पहिली पकड घेतली ती महाबळेश्वर आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील पट्ट्यात. खेड, मंचर आणि सातगाव पठार या भागांत तो आजही पावसाच्या भरवशावर लावला जातो. १९२० च्या सुमारास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे मराठी सहकारी यांनी पश्चिम हिंदुस्थानातील बटाट्याच्या लागवडीचा पद्धतशीर अभ्यास केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये केंद्रीय बटाटा संशोधन संस्था पाटण्यास स्थापन झाली. १९५६ मध्ये ती सिमल्यास हलली. तिच्या ‘कुफरी’ वाणांची नावे आता शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली आहेत.

सातगाव पठारावर काय, किंवा दुर्गच्या मटासीत काय, बटाट्याचा स्वभाव एकच. त्याला तहान सोसत नाही. त्याच्या मुळ्या उथळ असतात. बहुतेक मुळ्या वरच्या हात-दीड हात मातीतच पसरतात. ज्वारी खोल जाऊन ओल शोधते. बटाटा वरच्या ओलीवर जगतो. एका हंगामात त्याला साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर पाणी लागते. लावणीनंतर महिना-दीड महिन्याने जमिनीखालच्या धुमाऱ्यांची टोके फुगू लागतात, ती घटका सर्वांत नाजूक. त्या दहा-पंधरा दिवसांत ओल तुटली, तर गाठी कमी धरतात. नंतर कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून निघत नाही. उलट, कोरड पडून मग एकदम पाणी आले, तर बटाटे वेडेवाकडे होतात किंवा तडकतात.

मग खत येथे काय करू शकते? खत म्हणजे पाणी नव्हे, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. कोरड्या मातीत खताची मात्रा वाढवली, तर मातीतील क्षारांची तीव्रता वाढते आणि मुळांना आहे ती ओलही ओढता येत नाही. अवर्षणाच्या वर्षी पीक करपते ते पुष्कळदा या चुकीने. नत्राचा अतिरेकही असाच अंगाशी येतो. नत्राने पाला माजतो. जितका पाला अधिक, तितके पाण्याचे उत्सर्जन अधिक. पाऊस ऐन वेळी थांबला की हा डौलदार पाला म्हणजे उत्पन्न नसलेल्या घरातला मोठा खटला ठरतो.

नत्राचे दोन हप्ते करावेत, अर्धा लावणीला आणि अर्धा महिन्याभराने मातीची भर देताना, ही रीत या अनुभवातूनच आलेली आहे. मधल्या महिन्यात पाऊस काय म्हणतो हे पाहून दुसरा हप्ता कमी-अधिक करता येतो.

अवर्षणात पिकाच्या खऱ्या उपयोगी पडते ते दुसरेच द्रव्य, पालाश. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी वनस्पती जमिनीतून खनिज द्रव्ये घेतात हा सिद्धांत जगापुढे मांडला. जे द्रव्य सर्वांत अपुरे असेल तेच पिकाची मर्यादा ठरवते, हा नियमही त्यांनीच लोकप्रिय केला. परंतु पालाश पाण्याच्या कामी कसा येतो, हे कळण्यास आणखी शतक लागले. पानांवर सूक्ष्म रंध्रे असतात; त्यांतून हवा आत येते आणि वाफ बाहेर जाते. प्रत्येक रंध्राच्या दोहों बाजूंस दोन पेशी पहारेकऱ्यांसारख्या बसलेल्या असतात. या पेशींत पालाश शिरला की त्या पाणी ओढून फुगतात आणि दार उघडते. पालाश बाहेर पडला की दार मिटते. जपानी शास्त्रज्ञ इमामुरा यांनी १९४३ मध्ये या गोष्टीचा माग लावला, आणि १९६८ मध्ये फिशर यांच्या प्रयोगांनी ती सर्वमान्य केली. पालाश कमी पडला तर हे दार वेळेवर मिटत नाही, आणि झाड आपल्याजवळची तुटपुंजी ओल गमावून बसते. शिवाय पानात तयार झालेले अन्न खाली गाठीपर्यंत पोहोचवण्याचे कामही पालाशाच्या साहाय्यानेच होते. बटाट्याचे पीक जमिनीतून नत्रापेक्षाही पालाश अधिक उचलते, ते याचसाठी.

येथे निसर्गाने एक अडचण करून ठेवली आहे. पालाश आणि स्फुरद ही द्रव्ये मातीतून मुळापर्यंत जातात ती कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून, हळूहळू सरकत. माती वाळली की हा पापुद्रा तुटतो आणि वाट बंद होते. म्हणजे पालाशाची गरज ज्या वेळी सर्वांत अधिक, त्याच वेळी तो मिळणे सर्वांत कठीण. म्हणून स्फुरद आणि पालाश लावणीच्या वेळीच, ओल असताना, बेण्याच्या जवळपास पण त्याला न चिकटता पडावे लागतात. दुष्काळ दिसू लागल्यावर धावत जाऊन पालाश टाकणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

आणि भिलाईच्या कोळशात नत्र होते, गंधकाची जोड मिळाली होती, पण पालाश नव्हता. किंबहुना तो देशात जवळजवळ कोठेच खाणींतून काढला जात नाही. १८६१ मध्ये जर्मनीत स्टासफुर्ट येथे पालाशाच्या खाणींवर उद्योग उभा राहिला. पुढे रशियात उरल पर्वताच्या परिसरात सोलिकाम्स्कच्या खाणी निघाल्या. नंतर कॅनडात प्रचंड साठे सापडले. भारत आपला खतासाठीचा पालाश बाहेरूनच आणतो. घरच्या कारखान्यांतून नत्र वाढत गेले, पालाश मात्र परावलंबी राहिला, आणि हा तोल भावाच्या धक्क्याने एकदा चांगलाच ढळला. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरील नियंत्रण उठले आणि त्यांचे भाव भडकले. युरिया मात्र नियंत्रणाखाली स्वस्तच राहिला. १९९१-९२ मध्ये देशातील नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते, पुढच्याच वर्षी ते ९.५ : ३.२ : १ झाले. २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारलेले अनुदान आले, पण युरिया त्याबाहेर राहिला. शेतकऱ्याने स्वस्त ते अधिक घेतले, यात त्याचा दोष काय? परंतु झाडाला भाव समजत नाही. त्याच्या पानाची दारे पालाशाविना उघडीच राहिली.

नत्रावर एकांगी भर देण्याचा आणखी एक धोका फार पूर्वी ध्यानात आला होता. इंग्लंडमध्ये वोबर्न येथील रेताड शेतांत वर्षानुवर्षे केवळ अमोनियाचे क्षार घातले गेले, आणि एके काळी भरघोस पिकणारी ती जमीन आंबट होऊन अखेरीस जवापुरतीही उरली नाही. या प्रयोगांची देखरेख करणारे जॉन ऑगस्टस व्होएल्कर हेच १८८९ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आले होते. येथला शेतकरी अडाणी आहे, असे ऐकून आलेल्या या गृहस्थाने १८९३ च्या आपल्या अहवालात त्याच्या कसबाची मुक्तकंठाने वाखाणणी केली. त्याचे शेण सरपणाअभावी चुलीत जाते, हेच त्यांनी या देशाच्या जमिनीचे मोठे दुखणे मानले. बटाट्याला किंचित आंबट माती मानवते, खवड्या रोगही तीत कमी येतो. म्हणून अमोनियम सल्फेट त्याला सोयीचेच. पण भाठा-मटासीसारख्या हलक्या जमिनीत ते एकटेच वर्षानुवर्षे पडत राहिले, तर वोबर्नची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागणार नाही. त्याला चुन्याची आणि शेणखताची जोड हवी. शेणखत मातीत ओल धरून ठेवते, हा त्याचा अवर्षणातील गुण कोणत्याही पोत्यातील खताला नाही.

छत्तीसगडच्या शेतकऱ्यापाशी आणखी एक साधन घरचेच आहे. भाताच्या काडाला तेथे ‘पैरा’ म्हणतात. बटाट्याच्या वरंब्यावर पैऱ्याचे आच्छादन घातले की ऊन मातीला लागत नाही, ओल टिकते, आणि पालाशाची ती पाण्याची वाट अधिक दिवस उघडी राहते. खुद्द पैऱ्यात पालाश विपुल असतो. कुजला की तो जमिनीलाच परत मिळतो. जो पालाश सात समुद्रांपलीकडून विकत आणावा लागतो, त्याचा काही हिस्सा खळ्यावर पडून असतो आणि पुष्कळदा जाळला जातो.

भिलाईच्या पोलादाचा हिशेब टनांत मांडता येतो. तिच्या खताचा हिशेब मात्र एका जुन्या ऋणाशी जोडलेला आहे. तांदुल्याचे पाणी शेतासाठी अडवले गेले होते, आणि त्यातील वाटा कारखान्याला मिळाला. त्याच्या बदल्यात आलेले नत्र मोलाचे होते. पण नत्राने पाण्याची जागा भरून निघत नाही. जेथे पाणी वाटून घ्यावे लागते, तेथे प्रत्येक थेंबाचे अधिक पीक काढणे हाच मार्ग उरतो, आणि तो नत्र, स्फुरद, पालाश, शेणखत आणि पैरा या साऱ्यांना मिळून चालावा लागतो. खत हे पाण्याचे काटकसरी कारभारी आहे. तिजोरीत काही शिल्लक असेल, तर चांगला कारभारी ती पुरवून वापरतो. रिकाम्या तिजोरीपुढे त्याचाही इलाज चालत नाही. म्हणूनच अवर्षणाची तयारी पाऊस पडत असतानाच, तांदुल्याच्या भिंतीवर आणि बटाट्याच्या सरीत, दोन्हीकडे करावी लागते.